तबला वर, धडधड खाली

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या तीनमजली इमारतीत आमचा मुलगा सात वर्षे तबला वाजवत होता आणि त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नव्हता. इमारत पुनर्विकासाला गेली, आम्ही घोडबंदर रस्त्यालगतच्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहायला आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात दहाव्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "अहो, मुलगा तबला घेऊन लिफ्टमध्ये दिसला तेव्हा कुठे मला उलगडा झाला. आम्हाला तबला म्हणून काही ऐकूच येत नाही, नुसती धडधड येते. वर कुणीतरी रोज दोन तास खलबत्त्यात काहीतरी कुटतंय, असंच वाटत होतं."

त्यांच्या या एका वाक्यात दुखण्याचे निदान होते, पण ते आम्हाला तेव्हा कळले नाही. आम्ही बाजारात गेलो आणि 'साउंडप्रूफिंगचा' म्हणून मिळणारा, करड्या रंगाचा, टोकदार उंचवट्यांचा फोम आणून खोलीच्या तीन भिंतींवर चिकटवला. विक्रेत्याने आवाज 'अर्ध्यावर येईल' असे छातीठोकपणे सांगितले होते. खोलीत फरक पडला हे खरे. बोल स्वच्छ आणि कोरडे ऐकू येऊ लागले आणि मुलगा खूश झाला. काकूंच्या घरातला खलबत्ता मात्र पूर्वीसारखाच चालू राहिला. पंधरा-सोळा हजार रुपये खर्च केल्यावर ध्वनीचे प्राथमिक शास्त्र वाचायला बसण्यापेक्षा ते आधी वाचले असते तर बरे झाले असते, म्हणून ते येथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडत आहे.

घरातल्या वाद्याचा आवाज शेजाऱ्यापर्यंत दोन वाटांनी जातो. पहिली वाट हवेची. वाद्याने किंवा गळ्याने हलवलेली हवा खोलीभर पसरते, खिडकीतून, दाराखालच्या फटीतून, न्हाणीघराच्या डक्टमधून बाहेर पडते आणि उरलेली भिंतीवर आदळून भिंतीलाच किंचित थरथरवते. दुसरी वाट इमारतीच्या अंगातून जाते. डग्ग्यावर पडलेली थाप, कथकच्या तत्कारातली, म्हणजे पायांनी काढलेल्या बोलांतली, टाच किंवा ड्रमच्या पायट्याचा ठोका थेट फरशीला हादरा देतो, तो हादरा स्लॅबमधून, बीममधून, कॉलममधून प्रवास करतो आणि खालच्या घराचे छत व भिंती स्वतःच ध्वनिक्षेपकासारख्या वाजू लागतात. काँक्रीट हा हादरा फारसा गिळत नाही, त्यामुळे अशी कंपने दोन-तीन मजले सहज ओलांडतात.

कोणत्या वाटेने आवाज जातो आहे हे ओळखण्यासाठी यंत्राची गरज नसते; शेजाऱ्याला नेमके काय ऐकू येते एवढे विचारले तरी पुरते. बोल स्पष्ट कळत असतील, गाण्याचे शब्द किंवा पेटीचे सूर ओळखू येत असतील, तर आवाज प्रामुख्याने हवेतून येतो आहे आणि बहुधा खिडकीतून येतो आहे. बोल कळत नाहीत पण ठोके मोजता येतात, किंवा पलंगावर डोके टेकले की धडधड अधिक जाणवते, असे असेल तर आवाज स्लॅबमधून उतरतो आहे. पहिल्या प्रकाराचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. आमचा फोम भिंतींवर होता आणि आमचा प्रश्न फरशीत होता.

शिवाय हवेतून जाणाऱ्या आवाजासाठीसुद्धा फोम हा उपाय नव्हताच. आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बाजारात ती सर्रास एकाच शब्दाखाली विकली जातात. शोषणारा पदार्थ मऊ, सच्छिद्र आणि हलका असतो; खोलीत मागे परतणारा आवाज तो कमी करतो, म्हणजे प्रतिध्वनी जातो. अडवणारा पदार्थ जड आणि हवाबंद असावा लागतो. ज्या फोममधून फुंकर आरपार जाते त्यातून आवाजही जातो. खोलीतले एकूण शोषण दुप्पट केले तर तिथली आवाजाची पातळी जेमतेम 3 डेसिबलने उतरते. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेची कीर्ती तर त्याहूनही अनाठायी आहे. त्या कागदी लगद्याला ना वजन असते ना पुरेशी जाडी, आणि तो चटकन पेटतो. फोमच्या बाबतीत गायकांसाठी आणखी एक गोम आहे. फार कोरड्या खोलीत स्वतःचा आवाज परत येत नाही, म्हणून गाणारा नकळत अधिक जोर लावतो, आणि शेजाऱ्यांसाठी केलेला खर्च शेजाऱ्यांवरच उलटतो.

येथे डेसिबल या मापाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याची बेरीज-वजाबाकी आपल्या नेहमीच्या हिशोबासारखी नसते. 10 डेसिबलने वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि 20 डेसिबलने वाढ म्हणजे शंभरपट. कानाला मात्र 10 डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. म्हणून 3 डेसिबलची घट ऊर्जेच्या दृष्टीने निम्मी असली तरी शेजारच्या माणसाला ती जेमतेम जाणवते, आणि 'अर्धा आवाज' हे आश्वासन देणाऱ्याने कोणता अर्धा हे सांगितलेले नसते.

हवेतून जाणाऱ्या आवाजाला वजन अडवते. भिंतीचे दर चौरस मीटरमागचे वजन दुप्पट झाले की ती सुमारे 5 ते 6 डेसिबल जास्त आवाज अडवते. चार इंची विटेची भिंत चौरस मीटरला 190 किलोच्या आसपास भरते, तर ज्यांना आपण सिपोरेक्स म्हणतो त्या हलक्या ब्लॉकची सहा इंची भिंत त्याहून जाड असूनही 90 किलोच्या आसपास. नव्या टॉवरमध्ये इमारतीवरचा भार कमी करण्यासाठी असे ब्लॉक वापरतात, आणि त्यात गैर काही नाही, पण त्याची किंमत शेजारच्या खोलीतल्या कानांनी मोजावी लागते. याउलट अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेल्या इमारतींत भिंती जड असल्याने गाणे फारसे पलीकडे जात नाही, पण सगळी इमारत एकसंध दगडासारखी असल्याने एका घरातला ठोका दूरच्या घरातही पोहोचतो. आमच्या नौपाड्यातल्या घराला नऊ इंची विटांच्या भिंती होत्या. आणखी एक गोष्ट तिथे आमच्या बाजूने होती, जिचे श्रेय आम्ही कधी दिले नाही: खाली दिवसभर रिक्षा, स्कूटर आणि भाजीवाले यांचा गलका असे आणि त्या गलक्याखाली तबला झाकला जाई. इथे आमची मागची बाजू येऊरच्या डोंगराकडे आहे. संध्याकाळनंतर तिथे इतकी शांतता असते की लहानसा आवाजही उठून दिसतो.

आता खिडकी. एक ढोबळ हिशोब करून पाहू. समजा, खोलीच्या बाहेरच्या भिंतीचे क्षेत्रफळ 10 चौरस मीटर आहे. त्यातला दीड चौरस मीटर भाग साधी सरकती खिडकी आहे आणि बाकीची भिंत विटेची आहे. भिंत 45 डेसिबल अडवते आणि खिडकी, तिच्या सगळ्या फटींसह, 20 डेसिबल अडवते असे धरले, तर दोन्ही मिळून अडवणूक होते सुमारे 28 डेसिबलची. आता भिंतीवर आणखी खर्च करून ती 60 डेसिबल अडवणारी केली, तरी एकत्रित आकडा 28 च राहतो. जवळजवळ सगळा आवाज खिडकीनेच नेलेला असतो. म्हणून या कामात पहिला पैसा नेहमी सर्वांत कच्च्या जागी खर्च करावा आणि ती जागा बहुतेक वेळा खिडकी किंवा दार असते.

सरकत्या खिडकीची अडचण काचेत कमी आणि तिच्या रचनेत जास्त असते. तावदाने सरकण्यासाठी रुळात जागा ठेवलेली असते, पावसाचे पाणी जाण्यासाठी भोके असतात, आणि मध्ये लावलेला लोकरी ब्रश धूळ अडवतो, आवाज नाही. बिजागरीवर उघडणारी आणि बंद करताना रबरी पट्टीवर दाबून बसणारी खिडकी त्याच जाडीच्या काचेतही खूपच चांगली ठरते. काच बदलायचीच असेल तर मध्ये चिकट थर असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी. दोन काचांमध्ये जेमतेम अर्धा इंच अंतर असलेली खिडकी उष्णतेसाठी उत्तम असली तरी डग्ग्यासारख्या खालच्या आवाजासाठी तिचा उपयोग विक्रेते सांगतात तितका होत नाही. आहे त्या खिडकीच्या आत चार-पाच इंच अंतर सोडून दुसरी हवाबंद खिडकी बसवणे हा कुरूप पण अधिक गुणकारी मार्ग आहे. दाराच्या बाबतीत, खालची बोटभर फट ही जणू उघडी खिडकीच असते. तिथे दार लावताना खाली उतरणारी रबरी पट्टी बसवून घेणे स्वस्तात होते. पोकळ फ्लश दार भरीव दाराने बदलले तर आणखी फरक पडतो. न्हाणीघराच्या डक्टकडे उघडणारी झडप रियाजाच्या वेळी बंद ठेवावी, कारण डक्ट म्हणजे प्रत्येक मजल्याला जोडलेली एक भलीमोठी नळीच असते.

हे सगळे बंद केल्यावर ठाण्याच्या हवेत माणूस आत कसा बसणार, हा प्रश्न हास्यास्पद नाही. वाशीत मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या सत्रांत होतात. म्हणजे घाम फोडणारा रियाज नेमका उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात करावा लागतो. खिडकीत बसणारा एसी भिंतीला भोक पाडतो, म्हणून या खोलीसाठी स्प्लिट एसीच हवा, आणि तो बाहेरची हवा आत आणत नसल्यामुळे तासाभराने दार उघडून खोली मोकळी करावी लागते.

आता फरशीकडे वळू, कारण तबला, पखवाज, ढोलकी आणि नृत्य यांचा खरा झगडा तिथेच असतो. हादरा अडवण्याचे तत्त्व मोटारीच्या स्प्रिंगचे आहे: वर वजन, खाली लवचीक आधार. वजन जितके जास्त आणि आधार जितका दबणारा, तितके खालच्या पट्टीतले ठोकेही अडतात. वजनाखाली आधार एक मिलिमीटर दबला तर त्या जोडणीची स्वतःची डोलण्याची गती ढोबळमानाने सेकंदाला 16 वेळा असते. पाव मिलिमीटरच दबला तर ती 32 वर जाते. या गतीच्या दीडपटीच्या आसपासपासून वरची कंपने अडू लागतात, खालची तशीच जातात, आणि नेमक्या त्याच गतीची कंपने तर वाढतात. रबर ठोक्याखाली संथ भारापेक्षा ताठर वागते, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे आणखी वर जातात. तबल्याखाली नुसती सतरंजी किंवा लहान मुलांच्या खोलीत घालतात तसली फोमची चटई टाकून का भागत नाही, याचे उत्तर इथे आहे: तबला-डग्ग्याची जोडी इतकी हलकी असते की तिच्याखाली चटई दबतच नाही. चुंबळी आधीच थोडे काम करतात, चटईने त्यात वरच्या पट्टीतली टकटक तेवढी जाते, आणि धडधड उरते.

त्यावरचा उपाय म्हणजे वादकाचे स्वतःचे वजन कामाला लावणे. आम्ही 18 मिलिमीटर जाडीच्या, चार फूट लांब-रुंद प्लायवुडच्या दोन फळ्या घेतल्या, ज्यांचे वजन मिळून पस्तीस किलोच्या आसपास भरले. दोन्ही फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू ठेवले. खालच्या फळीत चेंडूपेक्षा लहान गोल खाचा पाडून ते त्यांत बसवले म्हणजे घरंगळत नाहीत. ड्रम वाजवणाऱ्यांत ही युक्ती फार जुनी आहे. चेंडूंची संख्या जास्त झाली तर प्रत्येकावरचा भार कमी होऊन ते दबत नाहीत, आणि कमी झाली तर बैठक डगमगते. आम्ही पंचवीसपासून सुरुवात करून सोळावर आलो. खालच्या फळीखाली जिममध्ये घालतात ते जाड रबर आहे. मुलगा आणि तबला दोन्ही या बैठकीवरच असतात, त्यामुळे साठ किलोचा वादकही वजनाच्या बाजूला जमा होतो. बैठक भिंतीला किंवा कपाटाला कुठेही टेकता कामा नये, कारण एका बाजूचा स्पर्शसुद्धा हादऱ्याला पूल बांधून देतो. आमची एक चूक अशी झाली की फळ्यांमधली पोकळी मोकळीच ठेवली आणि सगळी बैठक डफासारखी घुमू लागली. तिथे जुन्या गोधड्यांचे तुकडे भरल्यावर ती गप्प झाली.

कथकच्या विद्यार्थ्यांनी घुंगरू काढून सराव केला तरी खालच्या घराला दिलासा मिळत नाही, कारण घुंगरांचा छनछनाट हवेतून जातो आणि बंद खिडकी तो बऱ्यापैकी अडवते, तर खाली उतरते ती टाच. शिवाय नाचणाऱ्याचे पाऊल बैठकीच्या बाहेर पडू शकते आणि लवलवणाऱ्या फळीवर घोट्याला इजा होण्याची भीती असते, म्हणून तिथे चेंडूंऐवजी जाड रबरावर घट्ट बसणारी मोठी लाकडी जमीनच करावी लागते. ती घरात झेपणारी नसेल तर तत्कारासाठी वर्गाची खोली किंवा सोसायटीचे सभागृह बघणे आणि घरी हस्तक (हातांच्या हालचाली), अभिनय व पढंत (बोल तोंडाने म्हणणे) करणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. पढंतीची सवय तबल्याच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी असते. रात्री दहानंतर तबल्याचा 'कायदा', म्हणजे बोलांची ठरावीक रचना, तोंडी म्हणून पाठ करता येतो.

बाकीच्या वाद्यांची गोष्ट तुलनेने सोपी आहे. पेटीत खर्ज आणि नर अशा रीडच्या दोन ओळी असतील तर सरावाला एकच ओळ उघडी ठेवावी. व्हायोलिनच्या घोडीवर बसवायचे रबरी म्यूट स्वस्त असतात आणि आवाज खूपच उतरवतात, मात्र सुराचा पोतही बदलतो, म्हणून ते सगळा वेळ लावू नये. की-बोर्ड हेडफोनवर वाजवला तरी पट्ट्यांचा ठकठकाट स्टँडमधून फरशीत जातो; स्टँडच्या पायांखाली रबर ठेवावे. इलेक्ट्रॉनिक ड्रमचेही तसेच, त्याच्या पायट्याला वर सांगितलेली बैठक लागतेच. गायकांनी कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गावे. ऐकायला गंमतशीर वाटते, पण खिडकीकडे तोंड करून गाण्यापेक्षा बाहेर खूप कमी आवाज जातो. बासरीला काहीही लावता येत नाही.

खोलीच्या आत खोली, म्हणजे मूळ भिंतीला न टेकणारी दुसरी चौकट, तिच्यात रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) आणि वर जिप्समच्या दोन थरांची भिंत, हा स्टुडिओंचा मार्ग आहे. तो गुणकारी असतो, पण दहा बाय दहाच्या बेडरूममधून प्रत्येक बाजूची पाच-सहा इंच जागा खातो, स्लॅबवर भार टाकतो आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी व संरचना अभियंत्याचा सल्ला लागतो. ज्यांची उपजीविका घरातल्या शिकवणीवर आहे त्यांनीच त्याचा विचार करावा असे मला वाटते.

कायद्याचा आधार दोन्ही बाजू घेतात, म्हणून तोही नीट समजून घ्यावा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 आणि रात्रीची 45 डेसिबल आहे; दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. खासगी जागेत वाजणाऱ्या वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त असू नये, असेही त्यात म्हटले आहे. पहाटे पाचला खर्ज लावण्याची आपली परंपरा कितीही आदरणीय असली तरी या नियमांच्या दृष्टीने ती वेळ रात्रीत मोडते. दुसरीकडे, हे मोजमाप 'ए' श्रेणीत, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार खालच्या पट्टीतल्या आवाजाला कमी गुण देऊन केले जाते; सेकंदाला 100 कंपनांच्या आवाजातून सुमारे 19 डेसिबल वजा धरले जातात. म्हणून डग्ग्याची घुमार आकड्यांत निर्दोष ठरूनही खालच्या माणसाची झोप उडवू शकते, आणि 'आम्ही मर्यादेतच आहोत' हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते. मोबाइलवरच्या मोजमापाच्या ॲपने आकडा नेमका कळत नाही. एकाच फोनने, एकाच जागी, बदलाआधी आणि बदलानंतर मोजल्यास फरक मात्र कळतो.

पण फोनपेक्षा स्वतःचे कान चांगले. बैठक तयार झाल्यावर मुलाला वर वाजवायला बसवून मी काकूंच्या बेडरूममध्ये अर्धा तास बसलो. आधी जुन्या पद्धतीने फरशीवर, मग बैठकीवर, असे त्याने आलटून पालटून वाजवले आणि आम्ही दोघांनी ऐकले. खलबत्ता संपला होता; लग्गीचे जलद बोल जोरात आले की भिंतीपलीकडे कुणी बोटे वाजवल्यासारखे काहीतरी होई, तेवढेच. काकूंनी दुपारी दोन ते चार वाजवू नका एवढे मागितले आणि आम्ही मुलाच्या रियाजाच्या वेळा एका वहीत लिहायला सुरुवात केली.

ती वही पुढे अनपेक्षितपणे उपयोगी पडली. महिनाभराने काकूंचा फोन आला की रात्री साडेनऊला पुन्हा तीच धडधड सुरू झाली आहे. स्लॅबमधून येणाऱ्या आवाजाची दिशा कानाला लावता येत नाही. छत, भिंत, कॉलम सगळेच एकदम वाजत असल्याने तो वरून येतो की बाजूने हे कळत नाही, आणि ज्याच्या घरात वाद्य आहे हे माहीत असते त्याच्याकडेच बोट जाते. वहीत त्या आठवड्यातला एकही रियाज साडेसातनंतरचा नव्हता. सचिवांना बरोबर घेऊन आम्ही मजले चढत गेलो, तेव्हा तेराव्या मजल्यावर एक नवे ट्रेडमिल सापडले. त्याच्याखाली योगासनांची चटई होती.